सहाव्या समितीला खुलं पत्र: पाच आठवड्यांत जगाचा कायदा लिहून होत नाही

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सहाव्या समितीतले सगळे प्रतिनिधी, न्यूयॉर्क,
आणि त्यातल्या त्यात भारताच्या खुर्चीवर जे कोणी साहेब किंवा मॅडम बसलेले असतील ते,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या लॉ कॉलेजात चौदा वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतेय. विषयाचं नाव पब्लिक इंटरनॅशनल लॉ, शॉर्टमध्ये पीआयएल, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर पीआयएल लिहिलं की अर्ध्या पोरांना वाटतं बाई जनहित याचिका शिकवणार, मग ती उत्साहाने पुढे सरकून बसतात आणि खरं काय ते कळलं की परत मागे. तुमचं नाव मी दरवर्षी घेते. आमसभेच्या सहा मुख्य समित्या, त्यातली सहावी कायद्याची, जगभरातल्या ३४ कायदेपंडितांचं एक लॉ कमिशन, म्हणजे युनोचा आंतरराष्ट्रीय कायदा आयोग, दर उन्हाळ्यात जिनिव्हाला बसून मसुदे तयार करतं, ते मसुदे या सहाव्या समितीपुढे येतात, समिती त्यावर चर्चा करते. इथपर्यंत पोरं लिहून घेतात. मग कुणीतरी विचारतं, "मॅडम, चर्चा करून पुढे काय होतं?" आणि दरवर्षी इथे मी घड्याळाकडे बघते.

पत्र मराठीत लिहितेय कारण राग मराठीत आलाय. तुमच्या सहा अधिकृत भाषांत ही भाषा नाही हे माहितीये. तुमच्यापर्यंत पोचलं तर उत्तम, नाही पोचलं तर इथली चार माणसं तरी वाचतील की त्यांच्या नावाने तिकडे काय चाललंय.

राग कशाचा ते आधी सांगते. या आयोगाचं अधिवेशन एरवी वर्षाला साधारण १२ आठवडे असतं, दोन भागात, मधे थोडी सुट्टी. २०२४ ला पैसे नाहीत म्हणून ते १० आठवड्यांवर आलं. आणि यंदा, २०२५ ला, ५ आठवडे. २८ एप्रिलला सुरू झालं, ३० मे ला संपलं, जुलैचा दुसरा भाग रद्दच. कारण तेच, युनोच्या तिजोरीत खडखडाट, मोठमोठे देश वर्गणी वेळेवर भरत नाहीत. आमच्या गावात सार्वजनिक गणपतीची वर्गणी थकवणारा माणूस आरतीला पुढच्या रांगेत असतो, तुमच्याकडे फार वेगळं नाही असं दिसतं.

आता कुणी म्हणेल, जिनिव्हातल्या ३४ म्हाताऱ्या वकिलांचे सात आठवडे कमी झाले तर रत्नागिरीतल्या बाईच्या पोटात का दुखतंय. तर त्याचं कारण माझा धाकटा भाऊ.

तो बोटीवर आहे, थर्ड इंजिनियर. आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक दोन तरी घरं अशी असतातच की मुलगा बोटीवर. काही वर्षांपूर्वी त्याची बोट एका परक्या बंदरात लागलेली असताना स्टोअर रूममध्ये काहीतरी सापडलं म्हणून पोलिसांनी पाच जणांना उचललं, त्यात हा. देशाचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, भावाला अजून नोकरी करायचीये. फोन काढून घेतले. कंपनीचा इथला एजंट आम्हाला रोज सांगायचा की ताई होईल एक दोन दिवसात, पेपरवर्क चालू आहे. असे सतरा दिवस. आईने त्या सतरा दिवसांत देवघरातला दिवा विझू दिला नाही आणि जेवणही धड केलं नाही. आपल्या वकिलातीला कुणी कळवलेलंच नव्हतं. भावाला कुणी सांगितलंही नव्हतं की बाबा तू भारतीय आहेस, तुला तुझ्या देशाच्या माणसाला भेटता येतं, तसा तुझा हक्क आहे. त्याच्याबरोबरच्या एका खलाशाच्या बायकोने पनवेलहून कुठूनतरी माझा नंबर मिळवला तेव्हा खरं काय ते आम्हाला कळलं.

त्या रात्री मी वकिलातीला मेल लिहिला. वर्गात इतकी वर्षं शिकवलेलं कलम ३६ पहिल्यांदा स्वतःसाठी वापरलं. व्हिएन्ना कन्व्हेन्शन ऑन कॉन्सुलर रिलेशन्स, १९६३, कलम ३६, परिच्छेद १, उपकलम बी. अटक झालेल्या परदेशी माणसाला त्याचा हक्क विनाविलंब सांगा आणि त्याने मागणी केली तर त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवा. चौथ्या दिवशी वकिलातीतला एक माणूस जाऊन भावाला भेटला. पुढे अडीच महिने लागले, पण सुटला, त्याच्यावर आरोपपत्रसुद्धा आलं नाही. भेटायला गेलेल्या त्या अधिकाऱ्याने जाताना पारले जीचा पुडा नेला होता, भाऊ अजून तेच सांगतो, कलमाबिलमाचं त्याला काही नाही.

तर हे कलम आलं कुठून? आकाशातून पडलं नाही. तुमच्या याच आयोगाने १९५५ च्या सुमाराला हा विषय हातात घेतला, यारोस्लाव झाउरेक नावाचे चेकोस्लोव्हाकियाचे कायदेपंडित स्पेशल रॅपोर्टर होते, म्हणजे त्या विषयाचा अभ्यास करून मसुदा मांडायची जबाबदारी त्यांची, १९६१ ला मसुदा पूर्ण झाला आणि १९६३ ला व्हिएन्नाला परिषद भरून त्याचा करार झाला. आयोगाच्या मसुद्यात शब्द होते 'अकारण विलंब न करता'. परिषदेत त्यातला 'अकारण' उडवला. एक शब्द. पण तो राहिला असता तर प्रत्येक पोलीस ठाण्यात साहेबांनी म्हटलं असतं की आमच्या विलंबाला कारण आहे. एखादा शब्द ठेवायचा की उडवायचा यावर देशोदेशीची माणसं दिवसचे दिवस भांडतात आणि साठ वर्षांनी त्या भांडणाचा उपयोग रत्नागिरीतल्या एका आईला होतो. हे मी पोरांना सांगते तेव्हा मात्र मागच्या बाकावरची पण ऐकतात.

कुलभूषण जाधवांचं प्रकरण तर आख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीसमोर बसून बघितलं. पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये अटक केली, भारताला कळवायला तीन आठवड्यांच्या वर लावले, एप्रिल २०१७ मध्ये लष्करी कोर्टाने फाशी सुनावली. तोवर आपल्या वकिलातीच्या एकाही माणसाला भेटू दिलं नव्हतं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आपले नागपूरचे हरीश साळवे एक रुपया फी घेऊन उभे राहिले, आणि १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ ने निकाल लागला की पाकिस्तानने कलम ३६ मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून हा हक्क जात नाही हेही कोर्टाने स्पष्ट केलं. जाधव सुटलेले नाहीत हे खरंय. पण फाशीही झालेली नाही, आणि ती थांबवताना भारताच्या हातात मुख्य हत्यार एकच होतं, तुमच्या त्या जुन्या मसुद्यातून आलेलं कलम.

आणि त्या एका रुपयावरून आठवलं. साळवेंच्या एक रुपयाचं केवढं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण या आयोगाच्या सदस्यांचं वार्षिक मानधन २००२ पासून एक डॉलर आहे हे किती जणांना माहितीये? वर्षाला एक डॉलर. तुमच्याच आमसभेने ठरवलेलं. जाण्यायेण्याचा खर्च आणि भत्ता वेगळा मिळतो, ठीक आहे, पण संशोधन, रिपोर्ट लिहिणं, रात्ररात्र जुनी कागदपत्रं उपसणं हे सगळं एका डॉलरात. श्रीमंत देशातल्या प्रोफेसरला ते परवडतं, त्याची युनिव्हर्सिटी त्याला मदतनीस देते. आफ्रिकेतल्या नाहीतर आपल्याकडच्या माणसाने काय करायचं? म्हणजे जगाचा कायदा कोण लिहिणार हे परत खिशावरच ठरलं. ही झाली पहिली तक्रार, आणि आठवडे कापले ती त्यातच धरा, कारण मूळ दुखणं एकच आहे की तुम्हाला हे काम फुकटात आणि पटकन हवंय.

दुसरी तक्रार फडताळाची. आयोगाचं काम संपलं की मसुदा तुमच्याकडे येतो आणि तुम्ही ठराव करता, त्यात ठरलेलं वाक्य असतं की आमसभा या कलमांची 'नोंद घेते'. नोंद घेते! आमच्या ग्रामपंचायतीत अर्जावर 'नोंद घेतली' असा शेरा आला की अर्जदाराला कळतं की आता हे काम होणार नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण देशांच्या जबाबदारीच्या कलमांचं. एका देशाने दुसऱ्याचं नुकसान केलं, करार मोडला, तर जबाबदारी कशी ठरते, भरपाई कशी द्यायची, सबबी कुठल्या चालतात. आयोगाने यावर १९५६ ला काम सुरू केलं आणि २००१ ला संपवलं, पंचेचाळीस वर्षं, पाच रॅपोर्टर, शेवटचे जेम्स क्रॉफर्ड. एकूण ५९ कलमं. (पंचेचाळीस वर्षं जास्तच झाली, आयोगाच्या संथपणाचं कौतुक मी करणार नाही, जिनिव्हाचा उन्हाळा छान असतो म्हणतात.) २००१ ला तुम्ही नोंद घेतलीत. मग २००४ ला विषय काढलात, पुढे ढकललात. २००७, २०१०, २०१३, २०१६, २०१९, २०२२, दर तीन वर्षांनी तेच. यंदा परत अजेंड्यावर आहे. माझ्या पहिल्या बॅचची पोरं आता कोर्टात सीनियर झाली, त्यांनाही मी हेच शिकवलं होतं आणि आताच्या पोरांनाही हेच शिकवतेय.

माझ्याशी वाद घालणारे जाणकार म्हणतात, अहो बाई, करार करायला परिषद बोलावली तर देश कलमांचे लचके तोडतील, आज हेगच्या कोर्टापासून लवादांपर्यंत सगळे ती कलमं रूढ कायदा म्हणून, म्हणजे करार नसतानाही बंधनकारक मानून, वापरतातच, आहे ते बरं आहे. यात तथ्य आहे आणि मला ते खोडून काढता येत नाही. पण मग तसं सरळ म्हणा ना. ठराव करून सांगा की आम्ही करार करणार नाही, ही कलमं जशी आहेत तशीच आम्हाला मान्य आहेत. दर तीन वर्षांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून विषय पुढे ढकलायचा याला निर्णय म्हणत नाहीत.

मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या मसुद्याचंही तसंच झालं, २०१९ ला तयार, आणि तुम्ही गेल्या वर्षी कुठे मान्य केलंत की २०२८ आणि २०२९ ला परिषद भरवू. आपत्तीत सापडलेल्या माणसांच्या संरक्षणाची १८ कलमं २०१६ ला आली, त्याचा करार २०२७ च्या आत करायचं ठरलंय. हे दोन्ही निर्णय चांगले आहेत, त्याबद्दल मनापासून आभार, टोमणा नाही हा. फक्त तारखा पाळा. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं तेव्हा माझी मावशी गच्चीवर बसून होती, आपत्तीत मदत मागणं आणि घेणं हा कमीपणा असतो का यावर मी तेव्हापासून वेगळा विचार करते. त्या मसुद्यात म्हटलंय की बाहेरची मदत घ्यायला आपद्ग्रस्त देशाची संमती लागेलच, पण त्याने ती मनमानीपणे नाकारू नये. भारताला हे वाक्य खटकतं, सार्वभौमत्वाचा मुद्दा येतो. यावर बोलायला हवं, नुसतं खटकून उपयोग नाही.

तिसरी तक्रार समुद्राची, आणि इथे मी थोडी लांबण लावणार आहे, किनाऱ्यावर राहते म्हणून.

चाचेगिरीची आज जगात चालणारी व्याख्या या आयोगाच्या १९५६ च्या मसुद्यातून आलीये, तिथून १९५८ च्या करारात आणि तिथून १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात, कलम १०१. हल्ला देशाच्या हद्दीबाहेरच्या समुद्रात हवा, खाजगी हेतूसाठी हवा, आणि दोन जहाजं हवीत, एकाने दुसऱ्यावर हल्ला केलेला. १२ सागरी मैलांच्या आत घडलं की ती चाचेगिरी नाही, मग तो त्या त्या देशाचा साधा सशस्त्र दरोडा. बोटीवर डेकवर पालथं झोपवून डोक्याला बंदूक लावलेल्या माणसाला विचारा की आपण बारा मैलांच्या आत आहोत का बाहेर! २०२२ ला आयोगाने हा विषय परत हातात घेतला, मला खरंच आनंद झाला होता, आणि लगेच तुम्ही आठवडे कापलेत.

आपल्याकडे या विषयाची एक जुनी जखम आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये अलोंड्रा रेनबो नावाचं जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाजवळ पळवलं गेलं, नोव्हेंबरमध्ये आपल्या कोस्ट गार्डने आणि नौदलाने ते पश्चिम किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात पकडलं, पाठलाग करणाऱ्या कोस्ट गार्डच्या जहाजाचं नाव ताराबाई, नाव शोभलं म्हणायचं. पंधरा जण पकडून मुंबईत आणले. २००३ ला सेशन्स कोर्टात शिक्षा लागली आणि २००५ ला हायकोर्टात सुटले. आपल्या कायद्यात चाचेगिरी नावाचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. जिनिव्हात १९५६ ला मसुदा, १९९५ ला भारताने समुद्राचा करार मान्य केला, आणि स्वतःचा चाचेगिरीविरोधी कायदा आपण केला २०२२ ला. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ सोमाली चाचे मुंबईला आणले तेव्हा कुठे तो कायदा कामाला आला. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियम तयार होणं ही अर्धीच गोष्ट, तो मुंबईच्या कोर्टात उतरेपर्यंत पोरगं म्हातारं होतं. हा दोष सहाव्या समितीचा नाही, दिल्लीचा आहे, पण पत्र दोघांना आहे म्हणून इथेच लिहिलं.

आणि ते इटालियन नौसैनिक. १५ फेब्रुवारी २०१२, केरळच्या किनाऱ्यापासून साधारण वीस सागरी मैलांवर एनरिका लेक्सी या तेलवाहू जहाजावरून गोळ्या सुटल्या आणि सेंट अँटनी नावाच्या मच्छीमार बोटीवरचे दोघे गेले. चाचे वाटले म्हणे. आठ वर्षं खटले चालले आणि २०२० ला लवादाने ३ विरुद्ध २ ने सांगितलं की ते नौसैनिक सरकारी काम करत होते, त्यांना इम्युनिटी आहे, भारतात खटला चालणार नाही, भारताला भरपाई मिळेल. दहा कोटी मिळाले, २०२१ ला सुप्रीम कोर्टात केस बंद. माझ्या वर्गात दरवर्षी मच्छीमारांची दोन तीन पोरं असतात, मिरकरवाड्याची नाहीतर हर्णैची, त्यांना हा निकाल समजावून सांगणं ही माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट. परक्या देशाच्या अधिकाऱ्याला इम्युनिटी कधी असते आणि कधी नसते हा विषय तुमच्या आयोगाकडे २००७ पासून आहे. अठरा वर्षं. मसुद्याचं पहिलं वाचन २०२२ ला झालं, दुसरं अजून चालू आहे. पाच आठवड्यांच्या अधिवेशनात ते कसं संपणार होतं?

समुद्र चढतोय त्याबद्दल दोनच ओळी. किनाऱ्याची रेषा आत सरकली तर देशाची सागरी हद्द पण सरकते का, यावर आयोगाच्या अभ्यासगटाने २०१९ पासून काम केलं आणि यंदा जुलैमध्ये हेगच्या कोर्टानेही आपल्या मतात सांगितलं की एकदा रीतसर ठरवून जाहीर केलेल्या रेषा बदलायला देश बांधील नाहीत. तुवालू, मालदीवसारख्यांसाठी हा जगण्याचा प्रश्न. बघा, वेळ दिला की काम होतं.

आता भारताच्या खुर्चीवरच्या साहेबांशी किंवा मॅडमशी चार शब्द, घरातले म्हणून.

१९४९ ला आयोग पहिल्यांदा बसला तेव्हा पंधराच सदस्य होते आणि त्यात आपले बेनेगल नरसिंग राव होते, राज्यघटनेचे सल्लागार. नंतर राधाबिनोद पाल, नागेंद्र सिंग, जगोटा, पी. एस. राव. परंपरा मोठी आहे. निवडणुका आपण जिंकतो पण, २०१६ ला अनिरुद्ध राजपूत १६० मतं घेऊन आशियाच्या गटात पहिले आले होते, मी तेव्हा कॉलेजात पेढे वाटले होते, स्टाफरूममध्ये कुणाला कळलं नाही कशाचे. पण उमेदवार कसा ठरतो हे कुणाला माहितीये? जाहिरात नाही, यादी नाही, निकष नाहीत. एक दिवस बातमी येते की भारताने अमुक यांना उभं केलंय. पुढच्या वर्षी, २०२६ ला, परत निवडणूक आहे. आणि आजवर भारताकडून या आयोगावर एकही बाई गेलेली नाही. आयोगावरच पहिल्या बायका निवडून आल्या २००१ ला, स्थापनेनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी, त्यामुळे एकट्या भारताला बोल लावत नाही, पण नीरू चढ्ढा समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणावर न्यायाधीश होऊ शकतात तर इथे का नाही? माझ्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त आहेत हो.

अजून एक. १९६९ चा करारांविषयीचा व्हिएन्ना करार, आयोगाचं बहुधा सर्वात गाजलेलं काम, भारताने आजतागायत स्वीकारलेला नाही. आपली कोर्टं त्याचा आधार घेतात, आपले वकील हेगला त्यावर बोलतात, पण सही नाही. असेल काही कारण. ते कारण नागरिकांना सांगितलं तर बिघडेल का? पोरांनी विचारल्यावर मी काय सांगते माहितीये, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही."

मागण्या लिहिते. फार नाहीत.

सहाव्या समितीकडे: २०२६ पासून आयोगाचे पूर्ण १२ आठवडे परत द्या, आणि पैशांची चणचण असेल तर आधी आठवडे सोडून बाकी काय कापता येतं ते बघा. स्पेशल रॅपोर्टरांना मदतनीस ठेवता येईल इतके पैसे द्या, डॉलरची थट्टा बंद करा. देशांच्या जबाबदारीच्या ५९ कलमांवर याच अधिवेशनात हो किंवा नाही ठरवा, २०२८ च्या अजेंड्यावर तो विषय परत दिसू नये. आणि मसुद्यांवर लेखी मत मागवता तेव्हा १९३ पैकी बहुतेक देश काही कळवतच नाहीत, तर कोणी कळवलं आणि कोणी नाही याची यादी दरवर्षी ठळक छापा, आमच्याकडे थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावली की भरणा होतो.

भारत सरकारकडे: २०२६ चा उमेदवार निवडायची पद्धत जाहीर करा, अर्ज मागवा, बायकांची नावं विचारात घ्या. आपण सहाव्या समितीत काय बोललो ते हिंदीत आणि राज्याराज्यांच्या भाषांत वेबसाइटवर टाका. मसुद्यावर मत देण्याआधी लॉ कॉलेजांना, मच्छीमार सोसायट्यांना, बोटीवरच्या लोकांच्या युनियनना विचारा, एक महिन्याची मुदत ठेवून, म्हणजे नावापुरतं नको. आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी उद्यासुद्धा करता येईल: सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीचं सरकारी पुस्तक, हातात देताना प्रत्येक खलाशाला एक चिठ्ठी द्या. मराठीत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये, गुजरातीत, कोकणीत. त्यावर तीन ओळी. परदेशात पकडलं तर तुझ्या वकिलातीला कळवायची मागणी कर. तो तुझा हक्क आहे. त्या देशातल्या भारतीय वकिलातीचे नंबर असे.

मी ती चिठ्ठी तयार करून ठेवलीये, मराठीतली. भावाच्या पाकिटात आहे, त्याने लॅमिनेट करून घेतली. पाहिजे असल्यास पाठवते, भाषांतराचे पैसे नकोत, एक डॉलरही नको.

उत्तर आलं तर वर्गात वाचून दाखवीन. शुक्रवारी सकाळी साडेनऊचा तास असतो.

कळावे,
एक लॉ कॉलेजातली बाई
रत्नागिरी जिल्हा, ऑक्टोबर २०२५